अमीर नूरची सात वर्षं

भानुदास रिसबूड बोलताना समोरच्याच्या डाव्या खांद्याकडे बघायचे. तिथे कुणी जास्त हुशार माणूस उभा असावा आणि बोलणं त्याच्यासाठी चालू असावं, असं.

फोन उचलला की "बोला" म्हणायचे. आपलं बोलून झालं की ठेवून द्यायचे. समोरच्याचं वाक्य अर्धवट असलं तरी.

टोकियोतल्या मराठी मंडळाची गणपतीची पत्रिका आली की ती लाल पेनाने तपासायचे आणि गुण देऊन परत पाठवायचे. दहापैकी तीन. एका वर्षी साडेतीन मिळाले, तेव्हा पत्रिका लिहिणाऱ्या अनघाने तो कागद फ्रेम करून भिंतीवर लावला.

कचऱ्याच्या प्रत्येक प्रकाराचा वार ठरलेला. इमारतीखालच्या कचऱ्याच्या जाळीत कुणाची पिशवी चुकीच्या वारी दिसली, तर ती उघडून कुणाची आहे हे शोधून काढायचे. मग वर जाऊन बेल वाजवायचे.

ट्रेनमध्ये जागा असली तरी बसायचे नाहीत. बसलेली माणसं झोपतात, असं त्यांचं मत होतं.

बेरीज बोटांच्या पेरांवर करायचे, कॅल्क्युलेटर शेजारी असताना.

डाळीची पाकिटं भरताना त्यांचे ओठ हलायचे. नवख्याला वाटायचं, जप चालला आहे. ते कुणाला तरी खोडून काढत असायचे.

ही यादी अद्वैतने ओळखीच्या पहिल्या तीन महिन्यांतच मनात तयार केली होती. प्रेमाने केली नव्हती.

अद्वैत पुण्याचा. एम.ए. मराठी. त्याच्या बायकोला, यामिनीला, तोयोसुच्या एका कंपनीत नोकरी लागली आणि तो तिच्या व्हिसावर आला. अशा माणसाला आठवड्याला अठ्ठावीस तास काम करायची परवानगी असते. ते तास तो निशी-कसाईच्या एका कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, उभा राहून काढायचा. आल्या-गेल्याला नमस्कार, बेंतो म्हणजे जेवणाचा तयार डबा गरम करून देणे, पिशवी हवी का विचारणे. राहिलेल्या तासांत त्याला मराठीत बोलायला कुणी नव्हतं. म्हणजे माणसं पुष्कळ होती, पण ती शाळांचे प्रवेश आणि पुण्यातल्या फ्लॅटचे भाव यांवर बोलायची.

भानुदास त्याला किराणा दुकानात भेटले. स्टेशनच्या दक्षिणेला एका बांगलादेशी माणसाचं दुकान होतं. तिथे ते आठवड्यातले चार दिवस मागच्या बाजूला वजनकाट्यापाशी बसून पोत्यातली डाळ अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पाकिटांत भरायचे. वय अठ्ठावन्न. अद्वैतने पोहे मागितले आणि त्यांनी मान वर केली.

"शिक्षण?"

"एम.ए. मराठी."

"म्हणजे नाही. काम?"

"कोंबिनीत. अर्धवेळ, बाइतो."

"बरं आहे. तिथे वस्तूवर निदान लिहिलेलं असतं आत काय आहे ते."

अद्वैतला राग आला. घरी जाऊन त्याने यामिनीला नक्कल करून दाखवली. आणि पुढच्या आठवड्यात पोहे संपलेले नसताना परत गेला.

हळूहळू माहिती कळत गेली. भानुदासांनी पुण्याच्या एका दफ्तरात बारा वर्षं मोडी कागद वाचले होते. मग बायकोला टोकियोतल्या एका संस्थेत काचेवरच्या संशोधनासाठी बोलावणं आलं. सरोजिनीकाकू आल्या, मागोमाग हे आले. याला बावीस वर्षं झाली. काकू आता त्या संस्थेत एका प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. भानुदास त्यांचे यजमान होते. जपानमध्ये मोडी कागद नाहीत. त्यांनी आधी टपालाच्या गोदामात काम केलं, मग एका शाळेच्या स्वयंपाकघरात, मग डाळ.

आणि या बावीस वर्षांत त्यांनी हाताने तीनशे चाळीस पानं लिहिली होती. अमीर नूरवर.

गुरुवारी त्यांची सुट्टी. अद्वैत तोझाई लाईनने ग्योतोकुला त्यांच्या घरी जाऊ लागला. पाचव्या मजल्यावर दोन खोल्या. काकू कामावर. भानुदास चहा टाकायचे आणि एक प्रकरण पुढे सरकवायचे.

"भाषा बघ फक्त. मजकुरात तोंड घालू नकोस."

"पण काका, हा नूर कोण?"

भानुदासांनी त्याच्या खांद्याकडे बघून उसासा टाकला. "मलिक अंबर ठाऊक आहे?"

"हो. खडकी वसवली, पाणी आणलं, गनिमी—"

"पुरे. चौथीच्या पुस्तकात आहे तेवढं ठाऊक आहे. मी बारा वर्षं मलिकंबरी धाऱ्याचे कागद वाचले. जमीन मोजायची पद्धत त्या हबशाची, शंभर वर्षांनी पाटील-कुलकर्णी त्याच्या नावाने भांडतायत. एक दिवस मनात आलं, हा पोरगा विकला गेला तो कुठून? तिकडे असं काय चाललं होतं की पोरं विकली जात होती? हे कुणी विचारलंच नाही. सगळे म्हणतात, आफ्रिकेतून आला. आफ्रिका म्हणजे काय कोथरूड आहे?"

मग त्यांनी सांगितलं. सांगताना ते बदलत नसत. तोच तुच्छ स्वर, जणू अमीर नूरसुद्धा त्यांना पुरेसा पसंत नव्हता.

आजच्या इथिओपियाच्या पूर्वेला हरर नावाचं शहर आहे. सोळाव्या शतकात तिथे इमाम अहमद झाला. त्याने ख्रिस्ती सम्राटाचा निम्म्याहून जास्त मुलुख घेतला आणि शेवटी लढाईत मेला. त्याची बायको मागे राहिली. इमामाच्या भाच्याने, या नूरने, तिला मागणी घातली. सांगतात की ती म्हणाली, आधी माझ्या नवऱ्याचा सूड घे. नूर अमीर झाला. पंधराशे एकोणसाठ साली त्याने सम्राट गलावदेवोसला लढाईत मारलं. शब्द पुरा झाला. परत येतो तो मुलुखात दुष्काळ, दक्षिणेकडून ओरोमो टोळ्यांचे हल्ले, आणि शहर उघडं. मग त्याने शहराभोवती भिंत बांधली. ती अजून उभी आहे.

"सगळे मामावर पुस्तकं लिहितात," भानुदास म्हणाले. "घोडे, तलवारी, बंदुका. भाचा म्हणजे मामाच्या पुस्तकातला शेवटचा परिच्छेद. लढाई काय, कुणीही जिंकतो. भिंत बांधायला माणूस लागतो."

परतीच्या गाडीत अद्वैत मनात हसला. त्याला वाटलं, आपल्याला सगळं समजलं. मोठ्या बाईचा नवरा. पहिल्या नवऱ्याच्या सावलीत जगलेला अमीर, आणि काचेच्या प्रयोगशाळेच्या सावलीत डाळ भरणारा हा. एवढंच आहे तीनशे चाळीस पानांत. साहित्याचा विद्यार्थी असल्यामुळे त्याला असे निष्कर्ष पटकन सुचत आणि सुचले की खरे वाटत.

पुस्तकाचा जीव शेवटच्या सहा प्रकरणांत होता. सगळे अभ्यासक अमीर नूरचा मृत्यू १५६७ सालचा धरतात. भानुदासांच्या मते तो १५७४ सालचा. मधली सात वर्षं कुणाला माहीतच नव्हती. लढाया संपल्यावरची, साथ आणि दुष्काळ ओसरल्यावरची सात वर्षं. त्या सात वर्षांत नूरने भिंत बांधली, असा त्यांचा सिद्धांत होता.

"एका गाढवाने नूरला सदुसष्टात मारला, बाकीच्यांनी खांदा दिला," ते म्हणायचे. "मूळ अरबी ओळ कुणी वाचायची? मी वाचली."

त्यासाठी ते अरबी शिकले होते, पुस्तकं आणून, एकट्याने. हररच्या अमीरांची एक छोटी अरबी बखर त्यांनी एका ग्रंथालयातून प्रत काढून मिळवली होती. तिच्यात नूरच्या मृत्यूचं साल आकड्यांत नव्हतं, शब्दांत होतं. बाकीची सालं त्यांनी इतरांच्या इंग्रजी पुस्तकांतून घेतली होती. हे एकच स्वतः वाचलं. त्यांनी अद्वैतला ते म्हणायला लावलं.

"खमस सबैन तिसा मया. खमस म्हणजे?"

"पाच."

"सबैन सत्तर, तिसा मया नऊशे. नऊशे पंच्याहत्तर. पेशवाईतला कुठलाही कागद घे, साल असंच लिहिलेलं. त्यात पाचशे नव्याण्णव मिळव, इसवी सन मिळतं. पोर मोडी शिकायला बसलं की पहिल्या दिवशी हे शिकतं. किती झाले?"

"पंधराशे चौऱ्याहत्तर."

"बघ. तुलासुद्धा आलं."

ऑगस्टमध्ये त्यांना एक पत्र आलं. टोकियोतल्या एका विद्यापीठात आफ्रिकेचा इतिहास शिकवणारे हिराओका नावाचे प्राध्यापक होते. भानुदासांनी त्यांना जपानीत अकरा पत्रं लिहिली होती. बाराव्याला उत्तर आलं. दर महिन्याला त्यांचं एक वाचनमंडळ बसतं, वीसेक माणसं असतात. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी रिसबूड-सान यांनी चाळीस मिनिटं बोलावं. विषय: अमीर नूरची सात वर्षं.

"शेवटी एकाला अक्कल आली," भानुदास म्हणाले. पण ते पत्र त्यांनी अद्वैतला दोनदा वाचायला दिलं. आणि दुसऱ्यांदा देताना पहिल्यांदा दिलं होतं हे विसरल्यासारखं केलं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात अद्वैत दुकानात गेला. भानुदास गोदामातून पोतं आणायला गेले होते. अद्वैत काट्यापाशी थांबला. समोर भिंतीवर एक कॅलेंडर होतं, कुठल्याशा हलाल मटणाच्या घाऊक व्यापाऱ्याचं. वर मोठं २०२५. त्याखाली जपानी साल, रेइवा ७. त्याखाली हिजरी, १४४७.

काही करायला नव्हतं म्हणून त्याने पेरांवर बेरीज केली. चौदाशे सत्तेचाळीस अधिक पाचशे नव्याण्णव. दोन हजार सेहेचाळीस.

त्याला वाटलं आपण चुकलो. परत केली. दोन हजार सेहेचाळीस.

मग तो उभ्या उभ्या फोनवर शोधू लागला आणि पाच मिनिटांत सगळं उलगडलं. मराठी कागदांतलं साल शुहूर सन असतं. शब्द अरबी, पण गणना दख्खनची, सूर्याच्या वर्षाची. त्यात पाचशे नव्याण्णव मिळवायचे. हररमधल्या लेखकाने लिहिलं होतं साधं हिजरी साल. हिजरी वर्ष चंद्राचं, दरवर्षी अकरा दिवसांनी आखूड. त्यात पाचशे नव्याण्णव मिळवून काही होत नाही. हिजरी ९७५ म्हणजे इसवी सन १५६७. जगातल्या सगळ्या गाढवांनी धरलं होतं तेच.

आकडा असता तर भानुदास चुकले नसते. अरबी शब्दांत साल दिसलं आणि बारा वर्षांचा हात आपोआप चालला. ही चूक लंडनचा माणूस करू शकला नसता, कैरोचा तर नाहीच. ती करायला पुण्याच्या दफ्तरात बसावं लागतं.

आणि उत्तर त्यांच्या डोक्यामागे टांगलेलं होतं. दरवर्षी नवं. ते त्याच्याकडे पाठ करून डाळ मोजत होते.

भानुदास पोतं ओढत बाहेर आले. "काय दात काढतोयस?"

"काही नाही काका."

त्या दिवशी अद्वैतने स्वतःसाठी आंबा बर्फीचा डबा घेतला.

यामिनीला त्याने रंगवून सांगितलं. ती लॅपटॉप मिटून ऐकत होती. "मग सांगितलंस त्यांना?"

"सांगेन की."

"कधी?"

"बघतो. ऐकून घेणारा माणूस आहे का तो? माझं मराठी खिचडी, माझं वाचन कोंबिनीतलं. सांगायला गेलो तर लाल पेन काढतील."

"अद्वैत, तुला त्यांना तिथे सगळ्यांसमोर पडलेलं बघायचंय."

"काहीतरीच काय."

पण ते खरं होतं. तीन गुरुवार तो गेला, चहा प्यायला, सहा प्रकरणांतल्या वेलांट्या तपासल्या आणि काही बोलला नाही. भानुदास खोलीत फेऱ्या मारत जपानीत भाषण म्हणायचे. एकदा थांबून म्हणाले, "प्रश्न विचारतील. तू वीस मूर्खांसारखे वीस प्रश्न काढून ठेव. तुला सोपं जाईल."

अद्वैतने एकोणीस काढले.

चौथ्या गुरुवारी, भाषणाला दोन दिवस असताना, काकू घरी होत्या. त्यांनी स्वयंपाकघरात त्याला हळूच विचारलं, "अरे, नीट होईल ना त्यांचं? माझे आठ विद्यार्थी येणार आहेत. बावीस वर्षांत माझी माणसं यांना पहिल्यांदा भेटणार. संस्थेतल्या एकाही समारंभाला आले नाहीत रे. म्हणायचे, तिथे मी कोण म्हणून येऊ?"

अद्वैतने हातातली पोह्यांची बशी ओट्यावर ठेवली. बाहेर जाऊन तो उभ्यानेच बोलला.

"काका, ते साल हिजरी आहे. शुहूर नाही."

भानुदासांनी मान वळवली नाही. "बेरीज दाखव."

"बेरीज बरोबर आहे."

"मग?"

"ती करायचीच नव्हती."

त्यांचा अंगठा पेरांवरून सरकू लागला आणि मध्येच थांबला. अद्वैतला दिसलं, त्यांना कळलं आहे. पुरतं कळायला त्यांना बोटाची चार पेरंसुद्धा लागली नाहीत. एवढ्या हुशार माणसाला.

"कुठल्या ग्रंथात वाचलंस?"

"कॅलेंडरवर."

"कुठल्या?"

"दुकानातल्या. तुमच्या डोक्यामागच्या."

"केव्हा?"

अद्वैत खोटं बोलू शकला असता. "तीन आठवडे झाले."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"तीन आठवडे," भानुदास म्हणाले. "वेलांट्या तपासत बसलास. चालता हो."

तो जिना उतरला तेव्हा त्याला अपमान वाटला, आणि अपमानाच्या खाली जरा बरंही वाटलं. आता आपला दोष नाही. आता ते आजारपणाचं कारण सांगतील, किंवा तेच भाषण रेटून करतील आणि हिराओका अदबीने त्यांची चिरफाड करतील. दोन्हींपैकी काय होतं ते बघायला तो शनिवारी गेला. यामिनीला सांगितलं नाही.

छोटी खोली, लांब टेबलं, पांढरा फळा. पहिल्या रांगेत काकू आणि त्यांचे आठ विद्यार्थी. अद्वैत सगळ्यात मागे बसला. भानुदास तपकिरी कोट घालून उभे राहिले. कागद नव्हते.

त्यांची जपानी शुद्ध आणि जुनाट होती, जुन्या टपालातून आल्यासारखी. ते म्हणाले, "जाहीर केलेला विषय रद्द झाला आहे. सात वर्षं नाहीत. कधीच नव्हती."

हिराओका चष्मा पुसायचे थांबले.

मग भानुदासांनी फळ्यावर ती अरबी ओळ लिहिली, खाली मोडीत तेच शब्द, खाली बेरीज. चाळीस मिनिटं त्यांनी एका माणसाची पिसं काढली. पुण्यात बारा वर्षं कागद वाचणारा एक कारकून, म्हणाले ते, त्याला वाटलं जगातले सगळे अरबी शब्द आपल्या दफ्तराच्या नोकरीत आहेत. त्याने वर्षाला वर्ष ताडून पाहिलं नाही. दहा वेळा बेरीज केली, कारण बेरीज त्याला येत होती. जे येत होतं ते परत परत केलं आणि त्याला संशोधन म्हटलं. पोर्तुगीज, इंग्रज, फ्रेंच, सगळ्यांना मूर्ख ठरवलं. मग सात रिकाम्या वर्षांत त्याने सहा प्रकरणं बांधली. स्वर तोच होता, अनघाच्या पत्रिकेला लावायचे तो.

"चूक मी शोधली नाही," ते शेवटी म्हणाले. "तो मागच्या रांगेत बसला आहे. कोंबिनीत कामाला आहे. त्याला अरबी येत नाही, मोडी येत नाही, मराठी बेताचं आहे. त्याला दिसलं. यावरून माझी किंमत करा."

सगळी माणसं वळली. अद्वैतने टेबलाकडे बघितलं. लोकांना वाटलं तो लाजला. तीन आठवड्यांचं भानुदासांनी सांगितलं नव्हतं. ते सांगतील, सांगतील, म्हणून तो वाट बघत बसला होता आणि ते खाली बसले.

हिराओका म्हणाले, "फार रंजक आहे. भारतात मराठी लोक अरबी शब्दांत सौर वर्ष लिहीत, हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. ही चूक स्वतःच एक—"

"सेन्सेई," भानुदास म्हणाले, "सभ्यपणा नको. चूक रंजक झाली म्हणून बरोबर होत नाही."

मग पहिल्या रांगेतून हात वर झाला. काकूंचा.

"रिसबूड-सान," त्या जपानीत म्हणाल्या, अनोळखी श्रोत्याने विचारावं तशा. "मग भिंत कधी बांधली?"

भानुदास परत उभे राहिले.

"माहीत नाही," ते म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी फोन आला. "गुरुवारी का आला नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, चालता हो."

"चालता हो म्हणालो. येऊ नकोस म्हणालो नाही. एम.ए. ना तू?" फोन बंद.

अद्वैत जाऊ लागला. माफी मागायची असं त्याने दर वेळी ठरवलं. भानुदासांनी तेवढी फट ठेवली नाही. ते सहा प्रकरणं मोडत होते. भिंत आता १५६७ च्या आत बसवायची होती. सम्राट मारल्यानंतरच्या आठ वर्षांत, की त्या लढाईच्याही आधी, हेसुद्धा नक्की नव्हतं. आठ वर्षं म्हटली तर त्यांत दुष्काळ, हल्ले आणि साथ होती, आणि त्या साथीतच अमीर गेला. निवांत वेळ कुठेच नव्हता.

"हे ऐक," ते आपलंच पान हातात धरून म्हणायचे. "'अमीर शांत चित्ताने भिंतीवरून फिरत असे.' शांत चित्ताने! वेशीबाहेर टोळ्या, आत माणसं मरतायत, आणि हा शांत चित्ताने फिरतोय. कुठल्या गाढवाने लिहिलंय?"

"तुम्ही."

"माहीत आहे." फाटकन कागद फाडायचे. "तू तेव्हा का बोलला नाहीस?"

"मजकुरात तोंड घालू नकोस म्हणाला होतात."

"मी म्हणालो आणि तू ऐकलंस. म्हणून तू कोंबिनीत आहेस."

अद्वैतला तेव्हाही राग यायचा. हे सांगायला हवं, कारण नंतर सगळ्यांनी सगळं गोड करून टाकलं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास भानुदासांनी तूरडाळीचं पोतं काट्याजवळ आणलं, मालकाला "जरा थांबा" म्हणाले आणि पोत्यावर बसले. डोक्यातली शीर फुटली होती. रुग्णवाहिका सात मिनिटांत आली. उपयोग झाला नाही.

यामिनीचा फोन आला तेव्हा अद्वैत एका गिऱ्हाइकाचं बेंतो गरम करत होता. त्याने बेंतो बाहेर काढलं, पिशवीत घातलं, चॉपस्टिक्स हव्यात का विचारलं, वाकून आभार मानले. पुढच्या गिऱ्हाइकाचंही केलं. मग त्याला कळेना की हातातला टॉवेल कुठे ठेवायचा.

अंत्यविधीला मंडळाची माणसं आली. अध्यक्ष बाळासाहेब दोन शब्द बोलले. "भानुदासजी म्हणजे एक प्रेमळ, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व. त्यांच्या मार्गदर्शनाने आपलं मंडळ…" माणसं माना डोलवत होती. अनघा खरंच रडत होती. अद्वैतला त्या सगळ्यांची किळस आली. मनमिळाऊ! असा शब्द भानुदासांनी तोंडावर ऐकला असता तर पुरावा मागितला असता. कुणी एकाने म्हणावं की हा माणूस उद्धट होता, असह्य होता, बावीस वर्षं आपल्याला मूर्ख म्हणत होता आणि मूर्ख ठरला तेव्हा त्याने स्वतःलाही सोडलं नाही. कुणी म्हटलं नाही. अद्वैतनेही नाही. त्याला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी ते तीन आठवडे आडवे आलेच असते.

पंधरा दिवसांनी काकूंनी बोलावलं. त्यांनी टेबल आवरलं नव्हतं. "बघ तूच," त्या म्हणाल्या. "मला मोडी लागत नाही, आणि यांचं मराठीही."

हररच्या त्या भिंतीला पाच दरवाजे होते. भानुदासांनी नव्याने लिहायला घेतलेल्या भागात दरवाजागणिक एक प्रकरण होतं. तीन दरवाजे लिहून झाले होते, खाडाखोड फार, पण झाले होते. चौथ्याच्या कागदावर वर "लढाईआधी" लिहून खोडलं होतं. त्याखाली "लढाईनंतर", तेही खोडलं होतं. त्याखाली परत "आधी", आणि पुढे प्रश्नचिन्ह. समासात बारीक अक्षरात: हिराओकांना विचारणे.

त्याच कागदाखाली पत्राचा ताव होता. जपानीत, शाईने. माननीय हिराओका सेन्सेई. मग रिवाजाप्रमाणे ऋतूची ओळ, थंडी वाढू लागली आहे, आपली प्रकृती ठीक असावी. मग नवीन परिच्छेद.

"एक शंका आहे."

पुढे शंका लिहिलेली नाही. पाचव्या दरवाजाला कागदसुद्धा काढलेला नाही.